दुखायची थांबलेली पुळी

माझ्या खुर्चीत बसणारा माणूस पुष्कळदा एकाच वाक्यानं सुरुवात करतो, "आता दुखत न्हाय मॅडम, पण..." आणि ओठ बाजूला करून हिरडीवरची पुळी दाखवतो. कुणी तिला फोड म्हणतं, कुणी गळू, कुणी नुसतंच "हितं कायतरी टम्म झालंय" म्हणतं. दुखत होतं तेव्हा हा माणूस आलेला नसतो. तेव्हा त्यानं मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दाढेत लवंगतेलाचा बोळा धरला, दोन रात्री गालाखाली हात घेऊन काढल्या. मग एका पहाटे तोंडात खारट, घाण चव आली, ठणका उतरला आणि गडी कामाला लागला. सांगवीत दवाखाना चालवताना माझं सगळ्यात जास्त बोलणं खर्ची पडलं असेल तर ते दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला, हा समज खोडून काढण्यात.

सांगवी हे बारामती-फलटण रस्त्यावरचं नीराकाठचं गाव. पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो, त्यामुळे माझे बरेच पेशंट पलीकडच्या फलटण तालुक्यातले. चहूकडे ऊस. इथं लोकांच्या दातांचं वेळापत्रकही ऊसच ठरवतो. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण चालू असते तेव्हा कुणाला सवड नसते, दिवाळीनंतर तोड आली की अजिबात नसते आणि तोड संपली की "बिल जमा होऊ द्या, मग दाढेचं बघू." मधल्या काळात दिवाळीला कारखान्याच्या सभासदांची सवलतीची साखर घरी येते आणि चहा दिवसातून किती वेळा होतो याची मोजदाद कुणी ठेवत नाही. साखरेवर पोसलेल्या तालुक्यात दंतवैद्यानं साखरेविरुद्ध किती बोलावं, याला मर्यादा आहेत. मी तो नाद फार केला नाही. पुळीबद्दल मात्र बोलत राहिले.

पुळी होते कशी, हे मी कागदावर दाढ काढून दाखवते. कीड वरच्या कडक थरातून आत उतरते आणि नसेपर्यंत पोचते. नस सडू लागते तेव्हाचा तो ठणका. पाण्याचा घोट घेतला तरी कळ डोक्यात जाते आणि आडवं पडलं की वाढते. पुढं नस मरते आणि एक-दोन दिवस फार बरं वाटतं. पण मेलेल्या नसेतली घाण मुळाच्या टोकाशी हाडात साठायला लागते. तिथं पुवाला पसरायला जागा नाही, म्हणून पुन्हा ठणका, आता दाढ उंच झाल्यासारखी वाटते, दातावर दात टेकवत नाही. पाटाचं पाणी तुंबलं की बांधाला जिथं माती मऊ असेल तिथून फुटतं, तसाच हा पू हाडाच्या पातळ बाजूनं, बहुतेक वेळा गालाच्या अंगानं, वाट काढतो आणि हिरडीखाली येऊन थांबतो. ती पुळी. ती फुटली की आतला दाब गेला, आणि दाब गेला की दुखणं गेलं. मुळाशी मात्र काहीच बदललेलं नसतं. पुळी भरते, फुटते, बसते, पुन्हा भरते. काही जण असं वर्ष-वर्ष काढतात. एक्स-रे काढला की मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसतो. हाड तेवढं गेलेलं असतं.

आता एक गोष्ट, जी मला अजूनही करायला आवडते. पुळीला बहुतेक वेळा टोकाला बारीक तोंड असतं. त्या तोंडातून मी गुट्टापर्चाची एक कांडी आत सरकवते. रूट कॅनालमध्ये शेवटी भरतात तीच ही कांडी, रंगानं गुलाबी-केशरी, शिवणाच्या सुईइतकी बारीक आणि वाकवली तर मोडत नाही अशी. घाई केली तर ती दुमडते. हात सैल ठेवला तर आपोआप वाट धरते आणि एका जागी टेकून थांबते. पेशंटला बहुधा काही जाणवतही नाही. मग फोटो काढायचा. पडद्यावर पांढरी रेघ हिरडीखालून निघून वळत जाते आणि ज्या मुळाशी टेकते तो दात गुन्हेगार. पुळीच्या बरोबर खालचा दात दोषी असतोच असं नाही. एका टेम्पोवाल्यानं मला बोटानं दाखवली ती मधून मोजली तर सहावी येणारी दाढ, आणि "हीच काढा" म्हणून हट्ट धरला. रेघ गेली तिच्या पुढच्या दाताकडे. त्या दातावर बऱ्याच वर्षांपूर्वी बसवलेली कॅप होती आणि वरून सगळं झकास दिसत होतं. सहावीला मी आरशाच्या दांड्यानं ठोकून बघितलं, थंड लावून बघितलं. ती जिवंत आणि धडधाकट होती. तो पडद्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "म्हंजे आपण निर्दोष माणसाला फाशी देत हुतो." (हे गुट्टापर्चा मलायातल्या एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या तारांवर याचंच वेष्टण असायचं. पेशंट कंटाळला की मी हे सांगते. मुलांना आवडतं.)

पुळी नेहमी तोंडातच येते असंही नाही. एक तरुण पोरगा हनुवटीवरची पुटकुळी घेऊन फिरत होता. ती जायची, यायची. दाढी करताना न्हाव्याचा वस्तरा लागून रक्त यायचं. मलमं झाली, गोळ्या झाल्या. कातडीचं काहीतरी असेल म्हणून बाहेरगावी दोन ठिकाणी दाखवून झालं. माझ्याकडे तो आला वेगळ्याच कामासाठी. लग्न जमलं होतं, पुढचा एक दात काळपट होता, तो पांढरा करून हवा होता. दात काळा कशानं पडला विचारलं, तर शाळेत असताना कबड्डीत समोरच्याचं डोकं बसलं होतं. दात तुटला नव्हता, दोन दिवस हलला आणि बसला, म्हणून सगळे विसरले. नस त्या माराबरोबरच मेली होती. खालच्या पुढच्या दातांची मुळं लांब, त्यामुळे पू ओठाच्या आत न उतरता हनुवटीच्या कातडीतून बाहेर पडला. त्या दाताचं रूट कॅनाल केलं, पुटकुळीला हातही लावला नाही. काही आठवड्यांत ती सुकली आणि तिथं छोटासा खळगा राहिला. हनुवटीवर किंवा जबड्याच्या काठावर एकाच जागी पुन्हा पुन्हा पुटकुळी येत असेल तर दातांचा फोटो काढून घ्या, एवढंच यातून घ्यायचं.

गोळ्यांचं सांगते. मेडिकलवाला ओळखीचा असतो, "दाढेची गोळी" म्हटलं की तो दोन रंगांच्या गोळ्या कागदात बांधून देतो. एक दुखण्याची, एक पू सुकायची. पहिल्या दोन दिवसांत आराम पडतो आणि उरलेल्या गोळ्या देवळीत जातात, पुढच्या वेळेसाठी किंवा शेजारणीसाठी. मुळात गोळी काम करते रक्तातून, आणि मेलेल्या नसेत रक्त जातच नाही. आसपासची सूज गोळीनं उतरते, दातातल्या जंतूंना त्याचा पत्ताही लागत नाही. सूज पसरली असेल, ताप असेल तर मीही अँटिबायोटिक देते. पण नुसती पुळी आहे, बाकी काही नाही, तर गोळी हे औषधच नव्हे. आत शिरून घाण काढावी लागते, नाहीतर दात काढावा लागतो. दुखण्याची गोळी गालात दाढेशेजारी धरून ठेवणारेही असतात. हिरडी पांढरी पडून भाजलेली असते, मग आधी ती बरी करायची.

बाजारात, जत्रेत दाताचे किडे काढून देणारे अजून दिसतात. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी तोंडात घ्यायची आणि नंतर पाण्यात पांढरं काहीतरी पडलेलं दाखवायचं. तो बियांचाच भाग असतो. माझ्या सासूबाईंनी लहानपणी ही धुरी घेतली आहे आणि "तवा बरं वाटलं हुतं" असं त्या ठामपणे सांगतात. मी वाद घालत नाही. नस मरायच्या बेताला आली की कशानंही बरं वाटतं.

हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीड, पाथर्डी, शेवगावकडची माणसं, कारखान्याच्या तळावर किंवा फडाजवळ कोप्या घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, खाडा झाला तर तो अंगावर पडतो. म्हणून ही माणसं माझ्याकडे रात्री येतात, शेवटची गाडी भरून झाल्यावर, अंगावर पाचटाची कुसळं तशीच. एका बाईला वरच्या दाढेवर मोठी पुळी होती, फुटून वाहत होती. गाल किंचित सुजलेला. वय तिशीच्या आत. दाढ चांगली मजबूत, कीड एका बाजूला. कॉलेजात शिकवलेल्या हिशेबानं ही दाढ वाचवायची असते. दोन-तीन खेपा, मग कॅप, आणि खर्च काही हजारांत. मी तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "ताई, उद्या फड बदलतोय. काढूनच टाका."

मी काढली. दाढ गेली की पूही गेला, पुळी सुकते, हाड भरून येतं. हा पूर्ण इलाज आहे, अर्धामुर्धा नाही. जी बाई पुढच्या खेपेला दुसऱ्या शिवारात असणार आहे, तिच्या दाढेत निम्मं रूट कॅनाल करून तात्पुरतं सिमेंट भरून ठेवणं यापेक्षा जास्त धोक्याचं. आतून बंद केलेली घाण कुठल्यातरी कोपीत मध्यरात्री फुगणार आणि तिथं कुणी नसणार. त्याच महिन्यात तशीच दाढ घेऊन आलेल्या बागायतदाराशी मात्र मी अर्धा तास हुज्जत घातली, कारण तोही "काढा" म्हणत होता आणि त्याला सवड होती, पैसा होता, बारामतीला रोजचं जाणं होतं. त्याची वाचवली. एकीची काढली, एकाची वाचवली. हा दुजाभाव आहेच. तो माझ्या दवाखान्यात तयार झालेला नाही, एवढंच मला म्हणता येतं.

त्या बाईच्या नवऱ्याची दुसरीच काळजी होती. वरची दाढ काढली तर बायकोची नजर कमी होईल का? हा प्रश्न मला शिकल्यासवरल्यांनीही विचारलाय. दाताची नस आणि डोळ्याची दृष्टीची नस या वेगळ्या. वरची दाढ काढल्यानं डोळ्याला काही होत नाही. उलट वरच्या सुळ्याचा पू तसाच पसरू दिला तर सूज डोळ्यापर्यंत चढते, पापणी मिटते. मग लोक म्हणतात, बघा, दाताचा डोळ्याशी संबंध आहेच. दुसरी तक्रार भुलेची. "मला भूल चढत न्हाय." यात तथ्य आहे. पू झालेल्या जागी ऊतक आंबट झालेलं असतं, तिथं भुलेचं औषध नीट काम करत नाही. म्हणून कधी लांबून नस बधिर करावी लागते, कधी आधी पू काढून एक-दोन दिवस थांबावं लागतं. डॉक्टर टाळाटाळ करतोय असं त्यात काही नसतं.

लहान मुलांच्या बाबतीत आईबाप निर्धास्त असतात. "दुधाचाच दात, पडणारच आहे." राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक झेडपीच्या शाळेत तपासणी करतं, दातांवर शेरा मारलेली चिठ्ठी मुलाच्या दप्तरात येते आणि दप्तरातच राहते. दुधाच्या दाढेखाली कायमचा दात घडत असतो. वरच्या मुळाशी पू राहिला तर खालच्या दाताचं कवच पिवळट, खडबडीत होऊ शकतं. दाढ वेळेआधी काढून टाकली आणि जागा राखली नाही तर शेजारचे दात सरकून नव्याची वाट अडते. म्हणून मुलाच्या हिरडीवरची पुळी दुखत नसली तरी आणून दाखवा. याउलट दात येण्याच्या जागी निळसर फुगवटा दिसला तर बहुधा घाबरायचं कारण नाही. दात वर आला की तो आपोआप फुटून जातो. नवजात बाळाच्या हिरडीवर, टाळूवर दिसणारे पांढरे मणीही तसेच, काही आठवड्यांत जिरतात. त्यांना दात समजून कापडानं घासू नका, नखानं तर नाहीच.

साखरेचा आजार असलेल्या पेशंटची पुळी वेगळी. तिथं दात आतून जिवंत असतो, पण हिरडी आणि दात यांच्यामधली फट खोल गेलेली असते. निरोगी हिरडीत माझी मोजपट्टीची सळई तीन मिलिमीटरपर्यंत जाते, इथं ती सात-आठपर्यंत बुडते. त्या खिशात अडकलेली घाण पिकते, हिरडी लाल होऊन फुगते, दात हलतो. पन्नाशीतला एक शेतकरी एकदा डावीकडची सूज घेऊन आला, थोड्याच दिवसांत उजवीकडची आणि मग पुढची. मी त्याला विचारलं, रात्री लघवीला किती वेळा उठता? तो चमकला. दातवालीला हे कशाला? रक्त तपासायला पाठवलं. साखर तीनशेच्या वर, आणि त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आवरू देत नाहीत, दोन्ही बाजूंनी चालतं. एकाच माणसाला वेगवेगळ्या जागी हिरडीची गळवं येत असतील तर दातांच्या आधी रक्त तपासून घ्यावं. बीपीच्या काही गोळ्यांनी आणि फिट्सच्या एका जुन्या गोळीनंही हिरड्या वाढतात, दातांवर चढतात. त्या गोळ्या मनानं बंद मात्र करायच्या नाहीत. ज्यांनी दिल्या त्यांनाच विचारायचं. मी चिठ्ठी देते.

गरोदर बायकांच्या हिरडीवर कधी कधी दोन दातांच्या मधे लालभडक मांसाचा गोळा उगवतो. दुखत नाही, पण ब्रश लागला की रक्ताची धार लागते. चौथ्या-पाचव्या महिन्यात अशी एक सून सासूबरोबर आली. सासू म्हणाली, "बाळंतपण होऊ द्या, आत्ता काय हात लावायचा न्हाय." सून गप्प. तिला भाकरी चावता येत नव्हती आणि रक्त बघून ती जेवणच टाळत होती. पोटात बाळ असताना जेवण टाळणं हे माझ्या दृष्टीनं त्या गोळ्यापेक्षा वाईट. चौथा ते सहावा महिना दातांच्या कामाला सोयीचा असतो. मी तिचे दात स्वच्छ केले, साठलेलं किटण काढलं, मऊ ब्रश आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा सांगितल्या. रक्त कमी झालं. सातव्यात ती फलटणकडच्या माहेरी गेली. बाळंतपणानंतर आली तेव्हा गोळा आक्रसून उडदाएवढा उरला होता. सगळ्यांचाच असा जातो असं नाही, काहींचा नंतर कापून काढावा लागतो. पण ती गाठ कॅन्सरची नसते, हे पहिल्या भेटीतच ठासून सांगावं लागतं. त्या भीतीपायी पोरी रात्र-रात्र जागतात.

भीतीचंच आणखी एक. एक मास्तर आले ते जवळजवळ मृत्युपत्र करूनच. जिभेखाली, खालच्या जबड्याला आतून दोन्ही बाजूंना टणक उंचवटे. मोबाइलवर सगळं वाचून झालं होतं. मी बोट फिरवलं. दगडासारखं कडक, दोन्हीकडे सारखं, वरची त्वचा गुळगुळीत. ते त्यांचं स्वतःचं हाड होतं. काहींना ते टाळूच्या मधोमधही असतं. वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं, काही करावं लागत नाही, कवळी बसवायची वेळ आली तरच अडचण. "म्हणजे हे आधीपासून होतं?" होतं, गुरुजी, तुम्ही आत्ता जीभ लावून बघितली. ते उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी भेळ घेऊन आले.

ज्यांनी घाबरायला हवं ते मात्र येत नाहीत. इथल्या बायकांची मिसरी. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची, सकाळी उठल्यावर दातांना लावायची. मग जेवणानंतर, मग फडात, मग झोपताना. पुरुषांची चुन्याची तंबाखू खालच्या ओठात किंवा गालाच्या खोबणीत. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, ती किती पाळली जाते हे कुठल्याही टपरीच्या मागं पडलेल्या पुड्या सांगतात. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी पावाहून जास्त लोक तंबाखू वापरताना आढळले, त्यातले बहुतेक न पेटवता वापरणारे. म्हणून आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर पुष्कळदा तिथंच उगवतो, जिथं चिमूट धरली जाते. गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खोबणीत.

पन्नाशी ओलांडलेली एक मावशी आली. खालच्या डाव्या हिरडीवर गाठ. दाढ हलत होती, ती काढून हवी होती. दुखतंय का? "न्हाय ओ, जेवताना अडतं निस्तं." मी बोटानं दाबलं. पुवाची पुळी दाबली की दबते, आत काहीतरी हलल्यासारखं वाटतं. ही दबली नाही. कडा उचललेल्या, मधे खरबरीत, मुळाशी टणक. खालचा ओठ त्या बाजूला थोडा बधिर होता, हे मी पिन टोचून विचारलं तेव्हा तिला कळलं. जबड्याखाली एक गाठ हाताला लागली. दाढेला कीड नव्हती, बाकीच्या हिरड्याही तेवढ्या वाईट नव्हत्या, मग एकटी हीच दाढ का हलावी? अशी दाढ काढायची नसते. काढली की खड्डा भरत नाही, आणि "दाढ काढल्यामुळं कॅन्सर झाला" ही अफवा गावात आणखी एकदा पक्की होते. खरं असतं उलटं. कॅन्सरनं हाड खाल्लं म्हणून दाढ हलली.

मी तिला तुकडा तपासायला पुण्याला पाठवायचं ठरवलं. हे तिला नाही, तिच्या मुलाला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "तोड चालू हाय, म्हैनाभरानं नेतो." मी नाही म्हणाले. पुष्कळ बोलावं लागलं. तुकडा तपासल्यानं रोग पसरतो, हा इथला दुसरा पक्का समज. तसं होत नाही, आणि तपासल्याशिवाय कुठलाही सर्जन चाकू लावत नाही. पैशांचा धाक कमी झाला तो महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळं. कॅन्सरचे उपचार त्यात बसतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. रिपोर्ट आला तो अपेक्षेप्रमाणंच. जबड्याचा एक भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या, मग शेक घेतले. मावशी आहे. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खाते, बोलणं थोडं बोबडं झालंय, पण भांडते पहिल्यासारखी. तिनं मिसरी सोडली. तिच्याच घरात सून चुलीमागं डबी ठेवते, आणि हे मला मावशीनंच येऊन सांगितलं.

हिरडीवर, गालात, जिभेच्या कडेला गाठ किंवा जखम दोन आठवड्यांत बरी होत नसेल, पांढरा-लाल चट्टा जात नसेल, कारण नसताना दात हलत असेल, काढलेल्या दाताचा खड्डा भरत नसेल, जुन्या सैल कवळीच्या काठाशी मांस वाढत असेल, तर दाखवा. दुखत नसलं तरी दाखवा. तंबाखू, मिसरी असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

एका बाबतीत तर दोन तासही थांबायचं नाही. खालच्या दाढेचा पू कधी बाहेर न फुटता आत, जिभेखालच्या आणि जबड्याखालच्या भागात उतरतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1836 मध्ये याचं वर्णन केलं, तेव्हापासून दंतवैद्य याच्या धाकात आहेत. एका रात्री उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर शटर वाजवत आला. अक्कलदाढेची पुळी त्यानं आठवडाभर गोळ्यांवर रेटली होती. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी कडक सूज, तोंड दोन बोटंही उघडेना, जीभ वर उचललेली, थुंकी गिळता न आल्यामुळं रुमालात धरलेली, आवाज घोगरा. अशा माणसाला माझ्या खुर्चीत बसवणंही चुकीचं. त्याची श्वासाची वाट केव्हाही बंद होऊ शकते आणि ती उघडायचं साधन माझ्याकडे नाही. त्याला बसवूनच, आडवं न करता, बारामतीला पाठवलं. तिथं भरती करून पू काढला, नंतर दाढ काढली. तो वाचला. त्याची दहा मिनिटं मात्र माझ्या दारातच वाया गेली होती.

म्हणून सांगते. जबड्याखाली सूज, ताप, गिळता न येणं, तोंड न उघडणं, श्वासाला अडचण, किंवा डोळा मिटवणारी गालाची सूज यातलं काही असेल तर माझ्याकडे येऊ नका, कुठल्याच दातांच्या दवाखान्यात जाऊ नका, मेडिकलमध्ये तर नाहीच. 108 ला फोन करा आणि थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. रात्र असली तरी, तोड चालू असली तरी.